काळा रंग दाखवून दाखवा : वाचकांचे प्रश्न, भिंगवालीची उत्तरं

या वेळच्या टपालात सगळ्यात जाड गठ्ठा ऑगमेंटेड रिॲलिटीच्या चष्म्यांविषयीचा निघाला. कुणाला तो घ्यायचा आहे, कुणाला त्याची धास्ती वाटते, आणि एका पत्रात ‘हे सगळं थोतांड आहे ना?’ एवढीच ओळ आहे. माझा व्यवसाय भिंगांचा. डोक्यावर घालायच्या यंत्रांमधलं चित्र डोळ्यापुढे स्वच्छ आणि जागच्या जागी उमटतं का, ते तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तरांत डोळा, प्रकाश आणि नाकावरचं वजन जरा जास्तच येईल. कुठल्या कंपनीचा शेअर वर जाईल असं विचारणाऱ्यांना मात्र मी काहीच सांगू शकत नाही.

प्रश्न : एआर, व्हीआर, एमआर, एक्सआर... दर थोड्या दिवसांनी एक अक्षर बदलतं. यात नेमका फरक काय? आणि आमच्यासारखी साधी माणसं यातलं काही वापरतात का?
(एक निवृत्त कर्मचारी)

वापरता, आणि बहुतेक वेळा नकळत. परक्या भाषेतल्या पाटीवर फोनचा कॅमेरा धरला आणि पाटीवरची अक्षरं पडद्यावर तुमच्या भाषेत दिसू लागली, की ती ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजेच एआर. अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणात मैदानावर एक पिवळी रेषा दिसते. ती मैदानावर नसतेच, तरी खेळाडू तिच्यावरून धावताना त्यांच्या पायाखाली गेल्यासारखी वाटते. ती १९९८ पासून दाखवली जाते. २०१६ मध्ये माणसं फोन पुढे धरून बागेत पोकेमॉन शोधत फिरत होती, ते तर सर्वांनाच आठवत असेल.

व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, खरं जग पूर्ण झाकते. एआर खरं जग तसंच ठेवते आणि त्यावर भर घालते. एमआर, म्हणजे मिक्स्ड रिॲलिटी, या दोहोंच्या मधलं, आणि एक्सआर, म्हणजे एक्स्टेंडेड रिॲलिटी, ही सगळ्यांना एकत्र बांधणारी मोळी. रोनाल्ड अझुमा या संशोधकाने १९९७ मध्ये एआरच्या तीन अटी लिहून ठेवल्या : खरं आणि काल्पनिक एकत्र दिसावं, ते त्याच क्षणी प्रतिसाद देणारं असावं, आणि काल्पनिक वस्तू खऱ्या जागेला त्रिमितीत चिकटलेली असावी. तिसरी अट सगळ्यात अवघड. टेबलावर ठेवलेला आभासी कप मान वळवल्यावर टेबलासकट सरकला नाही, तर सगळा खेळ फसतो. या मापाने बाजारातले बरेच ‘एआर चष्मे’ एआर नाहीतच. ते डोळ्यापुढे टांगलेले छोटे पडदे आहेत. त्यात वाईट काही नाही, पण जाहिरात वाचताना एवढं लक्षात असू द्या. अक्षरांच्या भानगडीत याहून खोल शिरण्यात अर्थ नाही, कंपन्या ती आपापल्या सोयीने बदलतात.

प्रश्न : ‘चष्मा फोनची जागा घेणार’ हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. कंपन्यांकडे पैसा आहे, हुशार माणसं आहेत. मग अडतंय कुठे?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

मुख्यतः प्रकाशापाशी. कल्पनेची टंचाई कधीच नव्हती. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालायचा पारदर्शक पडदा चालवून दाखवला होता. यंत्राचा सांगाडा छताला टांगलेला, डोळ्यांपुढे अर्धपारदर्शक आरसे, आणि त्यातून खोलीच्या हवेत तरंगणारी नुसत्या रेषांची ठोकळाकृती. बाजूला सरकलं की तिची दुसरी बाजू दिसायची. तेव्हापासून आपण ते यंत्र छतावरून काढून नाकावर आणायच्या प्रयत्नात आहोत, आणि भौतिकशास्त्र सवलत देत नाही.

माझ्याकडे कुठलाही नवा पारदर्शक चष्मा तपासायला आला की मी तो घेऊन आधी खिडकीपाशी जाते, उजेडातल्या पांढऱ्या भिंतीकडे बघते आणि म्हणते, काळा रंग दाखव. तो दाखवू शकत नाही. पारदर्शक काच जगाकडून येणाऱ्या प्रकाशात भर घालू शकते, त्यातून काही वजा करू शकत नाही. काळा दाखवायचा म्हणजे त्या जागी काहीच दाखवायचं नाही, आणि मग तिथे मागची भिंत दिसते. म्हणून या चष्म्यांतल्या वस्तू भुतासारख्या आरपार वाटतात, त्यांची सावली पडत नाही, आणि प्रात्यक्षिकाची खोली नेहमी जरा अंधारलेली असते. पुढच्या वेळी प्रदर्शनात गेलात तर दिव्यांकडे जरूर पाहा. काही जण काच गडद करून वेळ मारून नेतात, पण मग तो गॉगल झाला.

आता उन्हात चला. भर उन्हातला पांढरा कागद चांगल्या फोनच्या पडद्यापेक्षा कित्येक पट उजळ असतो, आणि चष्म्यातल्या चित्राने त्याच्यासमोर टिकायचं असतं. बहुतेक रचनांमध्ये काडीत बसवलेला इवलासा प्रोजेक्टर काचेच्या कडेतून आत प्रकाश सोडतो. तो काचेच्या आतल्या आत आदळत पुढे जातो आणि सूक्ष्म रेघांच्या जाळीतून थोडा थोडा डोळ्याकडे वळवला जातो. या काचेला आम्ही वेव्हगाइड म्हणतो. या प्रवासात बहुतेक सगळा प्रकाश वाया जातो. बऱ्याच रचनांत शंभरातला जेमतेम एखादा भाग बाहुलीपर्यंत पोचतो. म्हणून प्रोजेक्टर प्रखर करायचा, म्हणजे बॅटरी मोठी हवी, म्हणजे काडी जाड होते आणि तापते. ती टेकलेली असते कानशिलाच्या कातडीला. फोन तापला तर आपण टेबलावर ठेवतो. चष्मा तापला की माणूस तो काढतो, आणि एकदा काढलेला चष्मा बहुधा खणात जातो.

चित्र केवढं दिसावं हा पुढचा घोळ. दोन्ही डोळे मिळून आडवं साधारण दोनशे अंश पाहतात. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या पारदर्शक हेडसेटच्या पहिल्या आवृत्तीत आभासी चित्राची खिडकी रुंदीला तीसेक अंशांची होती. समोर डायनोसॉर उभा केला तर एका वेळी त्याचा गुडघा दिसायचा. दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये आली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ५२ अंशांची, आणि वजन अर्ध्या किलोच्या वर. कंपनीने २०२४ मध्ये तिचं उत्पादन थांबवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेटाने ओरायन नावाचा नमुना दाखवला : ७० अंश, शंभर ग्रॅमच्या आत. मन खरंच हरखलं. पण त्याची भिंगं सिलिकॉन कार्बाइडची होती. हा पदार्थ प्रकाश जास्त वाकवतो म्हणून रुंद चित्र जमतं, पण तो घडवणं महाकठीण. शिवाय गणित करणारा संगणक वेगळ्या डबीत, खिशात ठेवायचा, आणि नमुना विक्रीसाठी नव्हताच.

ॲपलने दुसरा रस्ता धरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला व्हिजन प्रो काचेतून आरपार दाखवतच नाही. बाहेरचे कॅमेरे खोली टिपतात आणि डोळ्यांपुढच्या दोन पडद्यांवर ती पुन्हा उभी करतात, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे बारा मिलिसेकंदांत. इथे काळा रंग मिळतो, सावल्या मिळतात, माझी खिडकीपाशीची परीक्षा हे यंत्र सहज पास होतं. मोबदल्यात सहाशे ग्रॅमच्या वरचा ऐवज चेहऱ्यावर, बॅटरी वायरीने बाहेर लटकलेली, आणि समोरच्या माणसाला तुमचे खरे डोळे दिसत नाहीत. सिनेमा बघायला उत्तम. हे घालून कुणी दूध आणायला जाणार नाही.

तिसरा रस्ता गरिबीचा, आणि माझा कल त्याच्याकडे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मेटाने रे-बॅन डिस्प्ले जाहीर केला. त्यात फक्त उजव्या भिंगात वीस अंशांची छोटी खिडकी, वजन ६९ ग्रॅम, आणि सोबत मनगटाच्या स्नायूंतले विद्युतसंकेत ओळखून बोटांच्या हालचाली समजणारा पट्टा. अझुमांच्या तिसऱ्या अटीत हे बसत नाही, त्यात डायनोसॉर उभा राहणार नाही. पण रोजच्या जगण्यात डोळ्यापुढे खरोखर लागतं किती? वळणाचा बाण, समोरच्याच्या बोलण्याची एक ओळ, हात गुंतलेले असताना पुढची पायरी. क्षणभर यावं आणि निघून जावं. मला वाटतं, येत्या दहा वर्षांत फोन खिशातच राहील, डोकं चालवायचं काम तोच करील, आणि चष्मा त्याची एक लहानशी खिडकी होईल.

विद्यार्थी आहात म्हणून एक शेवटचं. वस्तू जागेवर चिकटवण्यासाठी यंत्र कॅमेऱ्यातून खोलीतले कोपरे, कडा, डाग टिपून त्यांवरून स्वतःची जागा ठरवतं, आणि वळणं मोजणाऱ्या जायरोस्कोपच्या मदतीने मधल्या फटी भरून काढतं. मान वळल्यापासून चित्र वळेपर्यंत वीसेक मिलिसेकंदांच्या वर गेलं, की डोळ्याला खटकू लागतं. अशा यंत्राला रिकाम्या, एकरंगी भिंतीसमोर उभं करून पाहा. पकडायला काही सापडत नाही आणि ते भांबावतं. या विषयात शिरायचं असेल तर अशाच अडचणींत शिरा. ॲप बनवणारे पुष्कळ आहेत, प्रकाश आणि उष्णता समजणारे कमी.

प्रश्न : मुलाचा व्हीआर हेडसेट घातला आणि दहा मिनिटांत मळमळायला लागलं. त्याला काहीच होत नाही. मला मोठा नंबर आहे आणि चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. माझ्यातच काही दोष आहे का?
(वय ५८)

अजिबात नाही. डोळे मेंदूला सांगतात, ‘आपण धावतोय’, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो, ‘आपण खुर्चीत बसलोय’. हे भांडण मेंदूला मानवत नाही. मुलं पुष्कळदा सरावाने रुळतात. पारदर्शक चष्म्यात हा त्रास कमी होतो, कारण खरं जग स्थिर दिसत राहतं.

दुसरं भांडण डोळ्यांच्या आतलं. जवळची वस्तू पाहताना दोन्ही बुबुळं नाकाकडे वळतात आणि भिंगही जवळ जुळवून घेतं. या यंत्रांत बुबुळं वस्तू जवळ समजून आत वळतात, पण प्रकाश मात्र एकाच ठरावीक अंतरावरून, साधारण दीड-दोन मीटरवरून आल्यासारखा येतो. जोडीने चालणाऱ्या दोन क्रिया अशा एकमेकींपासून तोडल्या की डोळे दुखतात. गंमत म्हणजे या बाबतीत तुम्ही मुलापेक्षा सुस्थितीत आहात. पन्नाशीनंतर डोळ्याचं भिंग जुळवून घेणं जवळजवळ सोडूनच देतं, त्यामुळे ओढाताणही कमी.

तुमच्या बाबतीत मला दोन साध्या गोष्टींचा संशय आहे. एक, दोन बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक बदलतं. हेडसेटवर त्यासाठी चक्र किंवा सरकपट्टी असते. तुम्ही मुलाच्या मापावर पाहिलंत, ते आधी बदला. दोन, प्रोग्रेसिव्ह चष्मा. त्याचा खालचा भाग वाचनासाठी घडवलेला असतो, आणि हेडसेटमधलं चित्र कितीही जवळ वाटलं तरी प्रकाशाच्या हिशेबात ते दूर असतं. खालच्या भागातून पाहिलंत की धूसर दिसणारच. कायम वापरणार असाल तर हेडसेटमध्ये बसवायची वेगळी भिंगं नेत्रतज्ज्ञाला विचारून करून घ्या.

बसून पाहा, आणि जे पाहाल त्यात तुम्ही स्वतः पुढे सरकत नसाल असं काही निवडा. मळमळ सुरू होताच काढा. ‘सवय होईल’ म्हणून रेटू नका, आणि उतरवल्या उतरवल्या गाडी चालवू नका. फिट येण्याचा इतिहास असेल तर आधी डॉक्टर, मग हेडसेट.

प्रश्न : वडिलांना कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे, पण चार माणसं एकदम बोलू लागली की ते गप्प होऊन कोपऱ्यात बसतात. समोरच्याचं बोलणं अक्षरांत दाखवणारे चष्मे असतात असं वाचलं. खरं आहे का, की तीही जाहिरातच?
(एक मुलगी)

खरं आहे. एआरचा यापेक्षा चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही. याला डायनोसॉर लागत नाही, काळा रंग लागत नाही. हिरव्या अक्षरांच्या दोन ओळी पुरतात. ओठ वाचणाऱ्यांना तर फारच सोयीचं, कारण मान खाली घालून फोन वाचावा लागत नाही. चेहरा आणि अक्षरं एकाच दिशेला राहतात.

पण घाईने घेऊ नका. बोलण्याची अक्षरं करण्याचं काम बहुधा चष्मा करतच नाही. माइक आवाज टिपतो, फोन किंवा दूरचा सर्व्हर तो ओळखतो, चष्मा फक्त दाखवतो. म्हणून आधी फोनवर बोलणं टिपणारं ॲप घ्या. गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब २०१९ पासून आहे आणि ते मोफत आहे. फोन टेबलावर वडिलांसमोर ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना नेहमीसारखं, एकमेकांचं बोलणं तोडत, बोलू द्या. तुमची भाषा, तुमचे उच्चार, मध्येच येणारी माणसांची नावं त्याला किती कळतात ते आठवडाभर बघा. तिथे निम्मं चुकत असेल तर तितकंच चुकीचं चष्म्यातही दिसेल, फक्त महाग होऊन.

तिथे जमलं, तर चष्मा वडिलांच्या स्वतःच्या नंबरची भिंगं घालून तपासा. अक्षरं मोठी करता येतात का, ओळी नजरेच्या किंचित खाली आणता येतात का, आणि श्रवणयंत्र व चष्म्याची काडी एकाच कानामागे मावतात का, ते पाहा. हे शेवटचं कुणी विचारत नाही आणि तिथेच गाडं अडतं. श्रवणयंत्र सोडायचं नाही. अक्षरं बोलण्याच्या मागे राहतात, आणि गाडीचा भोंगा अक्षरांतून ऐकून चालत नाही.

विषय निघालाच आहे तर अंधांविषयीही सांगते. बी माय आइज ही सेवा २०१५ मध्ये सुरू झाली. अंध व्यक्ती फोनचा कॅमेरा रोखते, आणि दूरवरचा डोळस स्वयंसेवक तिला सांगतो, डबा कुठला आहे, बटण कुठे आहे. २०२३ पासून तेच वर्णन कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनही मिळतं, आणि आता कॅमेऱ्याच्या चष्म्यातून, हात मोकळे ठेवून. त्यात पडदा नाही, वेव्हगाइड नाही, माझ्या धंद्याचं काहीही नाही. नुसता कॅमेरा आणि कानात आवाज. तरी ‘विस्तारित वास्तव’ हे नाव मी त्यालाच आधी देईन.

प्रश्न : नव्या गाडीच्या पुढच्या काचेवर वेग आणि वळणाचे बाण उमटतात. विक्रेता म्हणाला, नजर रस्त्यावरच राहते म्हणून हे जास्त सुरक्षित. पटावं का?
(रोज गाडी चालवणारा)

अर्धं. ही कल्पना लढाऊ विमानांतून आली, आणि १९८८ मध्ये जनरल मोटर्सने ती ओल्ड्समोबिल गाडीत बसवली. चित्र काचेवर चिकटलेलं वाटलं तरी ते काही मीटर पुढे असल्यासारखं बनवतात, म्हणजे डोळ्याला दर वेळी जवळ-लांब करावं लागत नाही. एवढा फायदा खरा.

पण नजर रस्त्यावर असणं आणि लक्ष रस्त्यावर असणं या दोन वेगळ्या गोष्टी. १९८० च्या सुमारास नासाच्या संशोधकांनी अनुभवी वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये असाच पडदा देऊन विमान उतरवायला लावलं आणि अचानक धावपट्टीवर दुसरं विमान आडवं आणलं. काहींना ते दिसलंच नाही. ते विमान त्यांच्या नजरेच्या बरोबर समोर होतं, आकड्यांच्या मागे. वेग आणि पुढचं वळण ठेवा. संदेश, गाण्याचं नाव, फोन कुणाचा आला, हे सगळं सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. चष्मा लावून रस्ता ओलांडणाऱ्यांनाही मी हेच सांगेन.

प्रश्न : आमच्या कार्यालयातला एक सहकारी कॅमेरा असलेला चष्मा लावून बैठकीला येतो. रेकॉर्डिंग करत नाही म्हणतो. मला अवघडल्यासारखं होतं. मी जुनाट विचारांची आहे का?
(नाव छापू नये)

नाही. अवघडणं अगदी योग्य आहे. २०१३ मध्ये गूगल ग्लास हा कॅमेरा असलेला चष्मा लोकांच्या हाती आला तेव्हा लोकांनी त्याला नाकारलं, त्यामागे तंत्र कच्चं असणं हे एक कारण होतं आणि समोरच्याचं हे अवघडणं दुसरं. काही ठिकाणी दारावर ‘ग्लास घालून येऊ नये’ अशा पाट्या लागल्या, आणि जानेवारी २०१५ मध्ये सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. तेव्हा तो चष्मा दुरून ओळखू यायचा. आताचे चष्मे नेहमीच्या फ्रेमसारखेच दिसतात. चित्रीकरण चालू असताना फ्रेमवर बारीक दिवा लागतो. तो झाकला तर कॅमेरा चालू नये अशी रचना असते. पण यंत्र खोलून दिवा मालवणारेही निघालेच. आणि भर उन्हात तो ठिपका पेटलेला आहे की नाही, ते सराव असलेल्या डोळ्यालाही चटकन कळत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी असाच बाजारातला चष्मा, चेहऱ्यावरून फोटो शोधणारी सेवा आणि इंटरनेटवर उघड असलेली माहिती यांची सांगड घातली. अनोळखी माणसाकडे पाहिलं की थोड्याच वेळात त्याचं नाव, पत्ता असं काय काय फोनवर येत होतं. धोका दाखवणं हाच हेतू होता, म्हणून त्यांनी हे जुळवणारा प्रोग्राम कुणालाच दिला नाही. पण त्यातला एकही भाग गुप्त किंवा नवा नव्हता, आणि मला खटकतं ते हेच.

बहुतेक लोक विचारतात, चष्म्यातून काय दिसतं? मी वर पानभर तेच लिहिलं. पण तुमच्यासारख्या, तो न घालणाऱ्या माणसाचा संबंध दुसऱ्या बाजूशी येतो : चष्मा काय पाहतो, आणि ते कुठे जातं. चित्र जागेवर चिकटवायचं तर यंत्राला खोली सतत पाहावीच लागते. कॅमेरा बंद केला की एआर बंद. त्यामुळे ‘कॅमेराच नको’ हा उपाय चालणार नाही. प्रतिमा यंत्राच्या आतच वापरून टाकली की बाहेर पाठवली, यावर सगळा हिशेब आहे.

तुमचा सहकारीही सुटलेला नाही, हे त्याला सांगा. बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये पन्नास हजारांहून जास्त व्हीआर खेळाडूंच्या हालचालींच्या नोंदी तपासल्या. फक्त डोकं आणि हात कसे हलतात याच्या शंभर सेकंदांवरून नेमका खेळाडू ९४ टक्के वेळा ओळखता आला. नाव नाही, चेहरा नाही, नुसती मान वळवायची ढब. नजर मोजणाऱ्या यंत्रांत तर तुम्ही कशावर किती रेंगाळलात हेही कळतं. व्हिजन प्रोमध्ये ॲपना तुम्ही कुठे बघताय ते कळू देत नाहीत, तुम्ही चिमटीने निवडलं की मगच कळतं. हा पायंडा मला फार आवडला, आणि तो कायद्याने सगळ्यांवर बंधनकारक व्हावा असं मनापासून वाटतं.

आता बैठकीचं. त्याला एकट्याला गाठून सरळ सांगा, की बैठकीत हा चष्मा नको. ‘त्यात माझा नंबर आहे, काढला तर दिसत नाही’ असं उत्तर येईल, आणि ते खरंही असेल. म्हणून आधीच सांगा, की साधी फ्रेम सोबत ठेव. बैठकीच्या निमंत्रणात एक ओळ सगळ्यांसाठी घातली तर एकट्यावर रोखही राहत नाही. तो चांगला माणूस असेल तर रागावणार नाही. रागावला तर तुमचं अवघडणं बरोबरच होतं.

प्रश्न : डोळ्यात घालायच्या लेन्समध्येच पडदा कधी येणार? मला चष्मा आवडत नाही.
(इयत्ता नववी)

येऊन गेला, असं म्हणता येईल! मोजो व्हिजन कंपनीच्या प्रमुखाने जून २०२२ मध्ये अशी लेन्स स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिली. पडद्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पण जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने लेन्सचं काम थांबवलं आणि त्याच बारीक पडद्यांच्या व्यवसायाकडे वळली. वीज कुठून द्यायची, उष्णता कुठे सोडायची, आणि बुबुळ ओलं आणि मोकळा श्वास घेणारं कसं ठेवायचं, हे तिन्ही प्रश्न अजून सुटायचे आहेत. तू शिकून मोठा होईपर्यंत ते कदाचित तुझीच वाट पाहत थांबतील.

प्रश्न : शाळेसाठी हेडसेटचा संच घ्यावा असा प्रस्ताव आला आहे. आमच्या समितीत दोन तट पडले आहेत.
(एक शिक्षिका)

प्रस्ताव देणाऱ्याला एकच विचारा : यातले कुठले धडे फळा, प्रतिकृती किंवा साध्या पडद्यावर होत नाहीत? हृदयाच्या कप्प्यांमधून आत जाऊन पाहणं, रेणूभोवती फिरणं, प्रयोगशाळेत करता न येण्याइतका धोकादायक प्रयोग, अशी उत्तरं आली तर पुढे बोला. ‘मुलांना मजा येते’ हे उत्तर पहिल्या महिन्यापुरतं असतं.

शिवाय उत्पादकाने घातलेली वयाची अट वाचा. ती यंत्रागणिक बदलते, दहा किंवा तेरा अशा वयांपासून सुरुवात असते. लहान मुलांच्या बाहुल्यांमधलं अंतर कमी असतं आणि बऱ्याच हेडसेटची सरकपट्टी तिथवर येतच नाही. एकाचा घाम दुसऱ्याच्या पापणीला लागणार, तर पुसता येणारी आवरणं हवीत. चार्जिंग, अपडेट आणि तीस मुलांची तीस खाती कोण सांभाळणार, त्या माणसाचं नाव प्रस्तावात लिहून घ्या. नाव लिहायला कुणी पुढे आलं नाही तर तुमच्या समितीचा निर्णय झाला.

प्रश्न : थोडक्यात सांगा, आता घ्यावा की थांबावं?
(घाईत असलेला वाचक)

एखादं ठरलेलं काम असेल, म्हणजे ऐकू न येणं, हात गुंतलेले असणं, प्रवासात मोठा पडदा हवा असणं, तर आता घ्या. ‘बघू काय होतं’ म्हणून घेणार असाल तर थांबा. घेताना तीन गोष्टी बघा. आधी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात अक्षरं वाचता येतात का ते पाहा. मग तुमच्या नंबरची भिंगं त्यात बसतात का आणि नंबर बदलला तर बदलता येतात का, हे लेखी घ्या. आणि कंपनीने सेवा बंद केली तर चष्मा काय काय करू शकेल, ते विचारा. गूगलने ग्लासची उद्योगांसाठीची आवृत्तीही मार्च २०२३ मध्ये विकणं थांबवलं आणि त्याच वर्षी आधारही काढून घेतला. फोनशिवाय आणि कंपनीच्या सर्व्हरशिवाय किमान साधा चष्मा म्हणून तो तुमच्या नाकावर राहील, एवढी खात्री असली की पुरे.

वजन खोक्यावर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. ते नाकावर किती आणि कानांवर किती पडतं, हे छापलेलं नसतं. दुकानात अर्धा तास घालून बसा, विक्रेता चुळबुळला तरी उठू नका, आणि मग आरशात नाकावरचे व्रण पाहा.